सरांचा तुकडा आणि उपाशी पेशी

आमच्या सरांचा एका तुकड्यावर जीव जडला होता. पेशींच्या भोवती प्रथिनांची जाळी असते, त्यातल्या एका लांबलचक प्रथिनाचा हा एवढासा भाग. पेशी त्याला धरते, पसरते आणि मग वाढते, असं सरांचं म्हणणं. मी म्हणायचे, "सर, शेजारचा भागपण ठेवू या ना, एकट्याने पकड बसत नसेल." सर म्हणायचे, "तू आधी हात सुधार."

हात! नवी मुंबईतली एवढी चकाचक लॅब, आणि निदान काय, तर हिच्या हाताला गुण नाही. कारण तुकडा लावलेल्या प्लेटमध्ये मी पेशी सोडल्या की त्या मजेत तरंगायच्या. माझ्या सीनियरच्या मात्र घट्ट चिकटायच्या. शेवटी सरांनी सांगूनच टाकलं, पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय तुझ्याकडून काढून त्याला देतो. कामोठ्याच्या खोलीवर जाऊन मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी त्या सीनियरच्या शेजारीच ठाण मांडून बसले. हा करंजाड्याजवळच्या गावातला, आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही ही त्यांच्या घरची रीत. त्याने पेशी सोडल्या आणि वर सीरम ओतलं. वासराच्या रक्तातलं सीरम, म्हणजे पेशींचं जेवणच.

"अरे, या टेस्टला सीरम नाही घालायचं!"

"उपाशी ठेवू त्यांना? पाप हाय ते."

कपाळावर हात मारला मी. सीरममध्ये चिकटवणारी प्रथिनं आधीच असतात. त्याच्या पेशी सरांच्या तुकड्याला नाही, जेवणाला चिकटत होत्या! मग मी त्याच्यासारखंच सीरम घातलं, पण तुकडा अजिबात न लावता, नुसत्या प्लास्टिकवर.

समितीसमोर त्याच प्लेटचा फोटो लावला. सर खुर्चीतून उठलेच. "बघा, याला म्हणतात पकड! हा माझा तुकडा!"

"सर, या प्लेटमध्ये तुकडा नाहीये."

समितीतल्या एक बाई एवढ्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

विषय माझ्याकडेच राहिला. एकटा तुकडा पेशींना धरून ठेवत नाही, शेजारचा भाग जोडला की त्या घट्ट बसतात आणि वाढतात, यावर मला डॉक्टरेट मिळाली. प्रबंध म्हणजे सरांचं कुठे चुकलं याचं सविस्तर वर्णन, आणि पहिल्याच पानावर मार्गदर्शक म्हणून सही त्यांचीच.