इवायाने खाल्लेली मिरची

शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, पण झाडापाल्याच्या बाबतीत गावात कोणाचं ऐकून घेतलं नाही. घरामागच्या सांदवाडीत मी ढोबळी मिरची पिकवली तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं, आणि आमच्या भागात ती मिरची साहेबाच्या बंगल्याबाहेर कोणी पाहिली नव्हती. गोंदियाच्या एका बंगल्यावरच्या माळ्यानं रोपं दिली होती, ती मी घरच्या तिखट मिरचीच्या ओळीतच लावली. पहिल्या हिवाळ्यात अशी गोड मिरची झाली की लोक सांदवाडीत उभे राहून कच्चीच खात. मी फुगलो. एक मिरची झाडावर पिकू दिली, तिचं बी धरलं, आणि त्याची रोपं पुढच्या साली लावली.

त्या साली फळं जरा लांबट आली. बायको म्हणाली, "अजी, औंदा हिचं तोंड बदललं. एक चाखून तं पाहा."

"मागच्या साली साऱ्या गावानं खाल्ली ना? आता मी कायले चाखू?"

पहिला तोडा मी पाहुण्यांसाठी राखला होता. मोठ्या पोरीला पाहायला दरेकशाकडून माणसं येणार होती. आधी दोन ठिकाणी तिचं जमता जमता मोडलं होतं. हेही मोडलं तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. मुलाच्या वडिलांना पोटाचा त्रास आहे, तिखट अजिबात चालत नाही, असा निरोप आला होता. मला वाटलं, आता आपली मिरची कामाला आली.

पंगत बसली. भात, वरण, बिनतिखटाची भाजी. मी परडीतून चार मिरच्या आणल्या आणि एक मुलाच्या वडिलांच्या पत्रावळीवर ठेवली.

"मिरची सोडून किती साल झाले, पाहुणे?"

"लय झाले. आता चवही आठवत नाही."

"मंग खा. ही साखर होय."

"पाहा बरं जी, माराल मले," ते हसले आणि अर्धी मिरची कचकन चावली.

त्यांचे कान तांबडे झाले. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, इतक्या सालांनी मिरची मिळाली म्हणून माणूस भरून आला. इतका मी शहाणा.

"कशी हाये?"

त्यांनी घास गिळला. "गोड हाये."

त्यांच्या भावानं हात पुढे केला. "मलेही एक द्या."

"तू तिखट खाणारा माणूस, तुले कायले पाहिजे? ह्या माह्या," म्हणत त्यांनी उरलेल्या तिन्ही मिरच्या दुपट्ट्यात बांधल्या. आणि मी पंगत उठेपर्यंत सगळ्यांना बी कसं धरावं ते शिकवत बसलो.

पाहुणे हात धुवायला उठले तेव्हा बायकोनं पत्रावळीवरचा अर्धा तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. मी चावला. जीभ, घसा, कान, सारं पेटलं.

गाडीला बैल जुंपले होते. मी धावत जाऊन गाडीचा दांडा धरला. मुलाच्या वडिलांनी माझे डोळे पाहिले आणि ओळखलं.

"आम्ही पोरगी पाहाले आलतो, मिरची नाही," ते खाली वाकून हळूच म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "येतो, इवाई!"

व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. म्हणजे सोयरीक जमली होती. बायको दारात डोळे पुसत हसत होती. मी जमिनीकडे पाहत उभा होतो.

इवायाची थट्टा करायचा हक्कच असतो. लग्नात त्यांच्याकडच्या बायांनी गाण्यातून माझं टक्कल काढलं, नाक काढलं, फेटासुद्धा सोडला नाही. मी मांडवात बसून मिरचीची वाट पाहत होतो. चारचौघांत एकदा हसले असते तर मीही उलटून दोन बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. मिरचीचं नाव कोणी काढलं नाही. त्यांनी घरात सांगितलंच नव्हतं.

पुढे पोरगी माहेरी आली तेव्हा मला वाढता वाढता सासऱ्याबद्दल सहज म्हणाली, "बाबा, मले पाहून गेले ना, तवा मामाजी कितीक दिवस पेजेवरच होते म्हणे. गाडीचे धक्के लागले."

मी ताटातली शितं गोळा करत राहिलो.