व्हार्निशचा पिवळेपणा

लिलावघरात सगळे त्यांना पारखीबाई म्हणत. जुन्या चित्रांची पारख करण्यात त्यांची हयात गेली होती. चित्र आले की त्या आधी ते पालथे घालून कापडाची वीण, चौकटीचे खिळे, लाकडाचा वास तपासत. दर्शनी बाजू सर्वांत शेवटी. "तोंड बघून भुलायला आपण काय सोयरीक जमवतोय?" असे त्या विचारत. त्यांचा शब्द पडताळून पाहण्याची सवय भोवतालच्यांनी केव्हाच सोडून दिली होती.

त्या दिवशी टेबलावर एका निवृत्त परिचारिकेने विकायला आणलेले निसर्गदृश्य होते. गेल्या शतकाच्या मध्यावर बैठकीच्या खोल्या सजवण्यासाठी अशी चित्रे पुष्कळ निघाली: डोंगर म्हणजे कोनाकृती पट्टे, शेत म्हणजे सुरीने ओढलेला रंगाचा थर, सूर्य असलाच तर चौकोनी. मागची बाजू निर्दोष निघाली. पारखीबाईंनी चित्र उलथले आणि निकाल दिला, "व्हार्निश पिवळं पडलंय. ते काढा, मग किंमत सांगते."

चित्रे साफ करण्याचे काम त्यांच्या धाकट्या दिरांकडे होते. ते हसले. "वहिनी, हल्ली तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक डोंगराला कावीळ कशी काय होते हो?"

"जीभ आवरा, भावजी, आणि हात चालवा."

दीर व्हार्निश विरघळवणाऱ्या द्रावणाच्या बाटलीचे झाकण उघडू लागले. ती थट्टा मात्र पारखीबाईंच्या मनातून जाईना. खिडकीचा पडदा, दिरांचा सदरा, सारेच त्यांना काही दिवसांपासून चहाच्या पाण्यातून काढल्यासारखे दिसत होते. जुने कपडे, जुनी खोली, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण कापसाचे पुडके तर आत्ताच फोडलेले होते, आणि तो कापूसही पिवळा होता.

"थांबा!"

त्यांनी कापसाचा बोळा थुंकीने ओला केला आणि आभाळाच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवला. "बघा, काय आलं?"

"धूळ. राखाडी." दीर वाकले. "याला व्हार्निश नाहीच, वहिनी. आभाळ मुळातच पांढरं आहे. द्रावण लावलं असतं तर रंगच निघाला असता."

चित्र वाचले होते. भीती तिथून पुढे सुरू झाली.

"मागे तो तळ्याचा देखावा पुसलात, तेव्हा बोळ्यावर काय आलं होतं?"

दीर झाकण घट्ट करत राहिले.

"भावजी, मी विचारतेय."

"निळं. मला वाटलं, तुम्ही बघितलंय म्हणजे..."

भिंतीशी आधी साफ होऊन निकाली निघालेली चित्रे खोलीकडे पाठ करून उभी होती. त्यांतले एकही वळवून पाहण्याचे धैर्य पारखीबाईंना झाले नाही.

बाहेर बसलेली परिचारिका दारात आली. "काय म्हणतंय आमचं चित्र?"

"दुसऱ्या कुणाला तरी दाखवा," पारखीबाई म्हणाल्या. "मला नीट दिसत नाही."

परिचारिका मोकळेपणाने हसली. "तुमचं आपलं काहीतरीच! तुम्ही म्हणाल तेच खरं, बाई. सांगा."

आणि ती खुर्ची ओढून समोर बसली.