पायावर पाणी

"पोरींच्या डुंबण्यापायी विहीर ठेवायची व्हय?" थोरले मामंजी सगळ्या भावकीसमोर म्हणाले आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

थोरले मामंजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. आमच्या गावात, रिह्यात, आमच्या दोन घरांमध्ये एक गोठा आणि एक रस्ता, एवढंच अंतर. विहीर भावकीची, सामायिक. कडेच्या जमिनीवर शेतघरं बांधायला एक पार्टी आली होती आणि तिला सपाट, सलग जमीन हवी होती. विहीर बुजवायची असं मामंजींनी ठरवूनही टाकलं होतं. सोमवारी जेसीबी येणार होता. मामंजींनी एकदा ठरवलं की आमच्याकडे कुणी तोंड उघडत नाही.

त्या विहिरीत मी गेली सहा वर्षं उन्हाळ्यात वाडीतल्या पोरींना पोहायला शिकवते. पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधायचा आणि पायरीवरनं सोडायचं. माहेरी मीही अशीच शिकले. फी नाही, पाटी नाही. पोरी सहाला येतात, साडेसातला ओल्या वेण्या पिळत घरी जातात. धरणाच्या तालुक्यात राहायचं आणि पाण्याला भ्यायचं, हे मला पटत नाही.

मी म्हटलं, "डुंबत नाहीत त्या. पोहतात."

"पोहतात म्हणं," मामंजी हसले. "तिकडं धरणात ती पुण्याची माणसं शर्यत लावत्यात बघ. पवायचं, सायकल मारायची, मग पळायचं. ती एकदा पुरी करून दाव. मग विहिरीला कोण हात लावतंय ते मी बघतो."

ते चेष्टेनं म्हणाले होते. मी चेष्टेनं घेतलं नाही. पाच माणसांसमोर बोललेला शब्द त्यांनी आजवर मागे घेतलेला नाही, हे मला ठाऊक होतं. शर्यत सहा आठवड्यांवर होती. मी म्हटलं, "मग जेसीबी तोवर थांबवा." त्यांनी मान हलवली. मी करायला घेईन असं त्यांना वाटलंच नव्हतं.

नवरा हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. तिथंच जवळ जांबे गावात एका भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराकडून त्यानं जुनी रेसिंगची सायकल मिळवली. मला म्हणाला, "तू चव्वेचाळीस वर्षांची हायेस, एवढं ध्यानात ठेव." मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा दोननं लहान आहे, तुम्ही ध्यानात ठेवा." त्यानंतर सहा आठवडे पहाटे तो बॅकवॉटरच्या काठावर माझे कपडे सांभाळत बसायचा. तक्रार फक्त डासांची करायचा.

शर्यतीच्या दिवशी, शनिवारी, सकाळी साडेसहालाच हवा तापायला लागलेली. एप्रिलचा शेवट. काठावर सगळे चकचकीत, अंगाला चिकटलेले सूट घातलेले. मी लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. एक मुलगा फार अदबीनं म्हणाला, "काकू, तुम्ही रिले टीममध्ये आहात का? सायकल कोण करणारेय?"

"मी," म्हटलं.

"आणि रन?"

"तीही काकूच करणारेय."

पोहणं दोन किलोमीटरला थोडं कमी, सायकल नव्वद, पळणं एकवीस. वेळ साडेआठ तास. म्हणजे दुपारी तीनच्या आत यायचं. तीन वाजून एक मिनिट झालं की तुमची शर्यत झालीच नाही असं धरतात.

पाण्यात मला काही झालं नाही. विहिरीत वळून वळून पोहणाऱ्या बाईला समोर मोकळं पाणी मिळालं तर ती काय थांबते? आजूबाजूला सूटवाले लाथा मारत होते, दोन मीही मारल्या. छपन्न मिनिटांत बाहेर आले, तेव्हा ती अदबीची स्वारी अजून पाण्यातच होती. चांगलं वाटलं. खोटं कशाला बोलू.

सायकलवर मात्र पिसं निघाली. ताम्हिणीकडचा चढ, मग परत पौडकडं, मग पुन्हा तोच चढ. दहानंतर डांबर असं तापलं की खालून वाफ अंगावर यायची. ओठ फुटले, मांड्यांत गोळे आले. एका वळणावर मी उतरले, सायकलीला टेकून उभी राहिले आणि मोठमोठ्यानं मामंजींना शिव्या दिल्या. शेजारून एक बाई सायकल ढकलत चालली होती. तिनं विचारलं, "ठीक आहात ना?" म्हटलं, "आता झाले." आणि पुन्हा बसले.

पळणं आमच्याच खोऱ्यात होतं. खोऱ्याच्या तोंडाशी एका मैदानात सायकल लावायची, तिथून आत शेवटच्या वस्तीपर्यंत जाऊन परत यायचं. असं दोनदा. म्हणजे माझ्या आणि मामंजींच्या दारावरून चार वेळा जायचं. मार्ग आखणाऱ्याची माझ्याशी काय खुन्नस होती कोण जाणे.

मैदानातून निघाले तेव्हा बारा वाजायला दहा कमी होते. निघताना आयोजकांच्या निळ्या टोपीतल्या एका मुलीनं सगळ्यांना पुन्हा बजावलं, "पाणी, बर्फ, खाणं, फक्त आपल्या टेबलावरचं. बाहेरच्या कुणाकडून काहीही घेतलं तर नंबर बाद." मी मान हलवली. सहा आठवडे हा नियम पाठ होता. नवऱ्यालाही सांगून ठेवलं होतं, मला बघून हात हलवायचा, बाकी काही करायचं नाही.

पहिल्यांदा दारावरून गेले तेव्हा मामंजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हातात घड्याळ. मी बघितलं नाही, त्यांनीही बघितलं नाही.

शेवटच्या वस्तीवरून परत फिरले तेव्हा ऊन असं डोक्यावर होतं की सावली पायाखाली मावत होती. टेबलावरचं पाणी कोमट झालेलं. कानात सूं असा आवाज. पायांत काही राहिलं नव्हतं, पण वेळ हातात होता. तसंच दातावर दात ठेवून पळत होते. समोर मामंजींचं दार आलं. दारात माझी चुलत जाऊ, म्हणजे मामंजींची धाकटी सून, कळशी घेऊन उभी होती. आणि ओट्यावरनं मामंजींचा आवाज आला.

"अगं, उन्हातनं आलीया ती. पायावर पाणी घाल तिच्या."

मी थांबले. हे मी कुणालाही समजावू शकत नाही, पण खरं तेच सांगते. बावीस वर्षं त्या दारात उन्हातून आलं की पायावर पाणी पडतं. कळशी दिसली आणि मी थांबले. पाय पुढे केले. आधी उजवा, मग डावा. बुटांसकट. तिनं सवयीनं बदाबदा पाणी ओतलं, गार, विहिरीचं. एवढं बरं वाटलं की डोळे मिटले.

उघडले तेव्हा समोर निळ्या टोपीतली दुसरी एक पोरगी कागदावर माझा नंबर लिहीत होती.

जाऊ बिचारी कळशी खाली ठेवून विचारत होती, "काय झालं अक्का? काय चुकलं का?" मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही." आणि पळाले. मोजे चपचपत होते. गाढवपणा माझाच होता. नियम मला पाठ, आणि पाय माझे.

दुसऱ्या फेरीत ओल्या मोज्यांनी तळव्यांची कातडी सोलून काढली. प्रत्येक पावलाला कुणीतरी मीठ चोळत होतं. नंबर बाद झालाच असणार, मग कशाला पळतेस, असं मन म्हणत होतं. त्याला म्हटलं, तू गप बस. माझा नंबर बाद झाला असेल, मी नाही. मामंजींनी शर्यत पुरी करून दाखव म्हटलं होतं आणि ती मी पुरी करणार होते, रांगत का होईना. दारावरून दोनदा गेले. जाऊ पदर तोंडाला लावून उभी होती. ओट्यावर खुर्ची होती, मामंजी नव्हते.

तीनला चार मिनिटं कमी असताना मी कमानीखालून गेले. घड्याळावर माझी वेळ आली. मेडल घेऊन उभ्या असलेल्या मुलानं हात पुढे केला आणि मागून कुणीतरी त्याला थांबवलं.

पंच वयस्कर होते, वाईट नव्हते. मला सावलीत बसवून म्हणाले, "ताई, तुम्ही पाणी मागितलं नव्हतं ना? घरच्यांनी न विचारता ओतलं, असं लिहून द्या. मी बघतो काय करता येईल ते."

समोर कागद, पेन. मी बूट काढले. मोजे लाल झाले होते. मेडल दोन हातांच्या अंतरावर लटकत होतं आणि ते घेऊन घरी गेले असते तर विहिरीचं तिथंच मिटलं असतं. पण लिहायचं काय? की माझ्या जावेनं चूक केली? दारात उन्हातून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालणं हा गुन्हा, आणि तो तिनं केला?

म्हटलं, "पाय मीच पुढे केले. हवं तर ते लिहून देते."

ते म्हणाले, "मग माझा इलाज नाही."

"माझाही नाही," म्हटलं आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत निघाले. गाडीत बसल्यावर मात्र रडले. चांगली हुंदके देऊन रडले. दमले होते म्हणून नाही, राग आला होता म्हणून.

घरी गेले नाही, सरळ मामंजींच्या दारात गेले. उन्हं कलली होती. ते ओट्यावरच होते, जाऊ उंबऱ्यात. मी अनवाणी.

"मामंजी, पुरी केली मी. तीनच्या आत. पण यादीत माझं नाव नाही. बाहेरची मदत घेतली म्हणून काढलं."

"कसली मदत?"

"पायावर पाणी."

जावेनं मान खाली घातली. मामंजी एकदम तापले, पण माझ्यावर नाही. "पायावर पाणी घातलं ही मदत? उन्हातनं दारात आलेल्या माणसाला कोरड्या पायानं जाऊ द्यायचं व्हय? कुठली माणसं हायेत ही?"

"तुमच्याच शब्दावर घातलं तिनं."

"मग? घालायला सांगणारच. बावीस वर्सं झाली, तू पायावर पाणी न घेता कधी आत आलीयास?"

"पाणी कुठलं होतं, मामंजी?"

कळशी उंबऱ्याशीच होती, अजून अर्धी भरलेली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्या सोललेल्या पायांकडं. विहिरीचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. खुर्चीतून उठायला त्यांना गुडघ्यावर हात टेकावा लागला. त्यांनी कळशी उचलली. जाऊ पुढं झाली तर तिला हातानं मागं सारलं.

"पाय फुडं कर," ते म्हणाले.

सासऱ्यानं सुनेच्या पायावर पाणी घालायची आमच्यात रीत नाही. मी पाय पुढे केले. त्यांनी हळू ओतलं, जखमा चुकवत, आणि सबंध वेळ वर बघितलं नाही. मग कळशी ठेवत म्हणाले, "जेसीबीवाल्याला सांगतो मी. पोरींना म्हनावं, सोमवारपासनं या."

"सोमवारपासून नाही," म्हटलं. "उद्या सहाला येतील."