साळवी मॅडमचे पत्ते

अकरावीच्या पहिल्या तासाला साळवी मॅडम खडूऐवजी पत्त्यांचा कॅट घेऊन वर्गात शिरायच्या. पर्यवेक्षकांनी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "सर, जुगार नाही, गणित आहे. दाखवू?" सर बघत उभे राहिले आणि त्यांचा स्वतःचा तास बुडाला.

मुलुंडच्या त्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. राहायचोही एकाच सोसायटीत, त्यामुळे माझी सुटका नव्हती. कॅटचे बरोबर दोन भाग करायचे, सगळ्यात वरचं पान वरच ठेवून इकडचं एक, तिकडचं एक असं अचूक पिसायचं; आठ वेळा पिसलं की बावन्न पानं पुन्हा मूळ क्रमाला येतात. हे त्यांनी मला स्टाफरूममध्ये दाखवलं, मंडईत दाखवलं, एकदा तर कुणाच्या मुंजीतही दाखवलं. "काय नशीब हो!" म्हटलं की भडकायच्या. "नशीब गेला खड्ड्यात! क्रम सांग." राग आला की मालवणी आलीच.

निवृत्त झाल्या आणि वर्षभरात हातांना कंप सुटला. इकडून तीन पानं पडायची, तिकडून एक. बाईंनी खाली येणंच सोडलं. दार उघडलं तरी उजवा हात पदराखाली. मला ते बघवायचं नाही.

सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी त्यांची जादू असायची. यंदा त्यांना कुणी आग्रह करू नये, असं मी कमिटीला सांगणार, तेवढ्यात त्यांनीच मला वर बोलावलं. मुलगी त्यांना समजावत होती, "आई, लोक नुसते हात बघतील गं."

"बघूंदेत. जादूत माणसा हातच बघतत."

मग माझ्याकडे वळल्या. एक लाल, एक काळं अशी सगळी पानं लावलेली होती. वरून एकेक पान टेबलावर पालथं टाकत गेल्या, मी "थांबा" म्हटल्यावर थांबल्या. दोन गठ्ठे झाले: एक टेबलावरचा, एक हातात उरलेला.

"ह्याच्या तळाशी लाल, त्याच्या तळाशी काळं. पिसताना समज लाल आधी पडलं. आता दोन्हीकडे तळाला काय?"

"काळं."

"मग पुढचं कुठल्याही हातातून पडू दे, काळंच पडणार! ते पडलं की पुन्हा एकीकडे लाल, एकीकडे काळं. कसंही वेडंवाकडं पिस, दर जोडीत एक लाल, एक काळं. इतकी वर्षं हातांच्या जिवावर गणित केलं. आता गणिताच्या जिवावर हात."

कार्यक्रमाच्या दिवशी मॅडमनी मंडपात तसेच दोन गठ्ठे केले आणि पिसायला घेतले. पानं खडखडत, अडखळत एकमेकांत शिरत होती. पुढच्या रांगेतले एक काका मदतीला उठले. "बसा खाली," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नीट पिसाल." लोक हसले. मी मात्र मनातल्या मनात लाल, काळं म्हणत बसले होते.

पहिली जोडी उलटली. लाल, काळं. दुसरी, तिसरी. दहाव्या जोडीनंतर पोरं पुढे सरकली आणि शेवटची पडली तेव्हा मंडप दणाणला. मॅडमनी दोन्ही हात वर केले. थरथरत होते, तसेच.

एक मुलगी धावत आली. "आजी, मलापण शिकवा ना! जमेल मला?"

मॅडमनी तिची बोटं हातात घेऊन नीट निरखली.

"तुझे हात अजून फार स्थिर आहेत गं," त्या म्हणाल्या. "पण चालेल, बस."