बंबशेडची घंटा

जळक्या गवताचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. मुळशीतल्या आमच्या गावात आगीच्या बंबाची जुनी दगडी शेड आहे आणि तिच्या दारात मोठी पितळी घंटा. डोंगरात धूर दिसला की जो पाहील त्यानं ती बडवायची आणि ऐकल्याबरोबर घरटी एकानं ओलं पोतं घेऊन धावायचं, ही आमची रीत. त्या उन्हाळ्यात गावच्या समितीनं वारसा म्हणून शेड रंगवली, उद्घाटनाला मांडव घातला. पाहुणे घंटेचं कौतुक करत होते, तेवढ्यात वरच्या वाडीतली एक बाई अनवाणी धावत आली. "आवं, वणवा लागलाय, माज्या गोठ्यापतुर आलाय!" म्हणत तिनं घंटेत हात घातला, तर आत लोलकच नव्हता. येणारेजाणारे उगाच वाजवतील म्हणून समितीनं तो काढून कपाटात ठेवला होता. तिनं दगड उचलला, तसा अध्यक्षांनी तिचा हात धरला. "मावशी, ओरखडा पडेल! कालच पॉलिश केलंय." "तुमचं पालिश ऱ्हाऊंद्या, माजी जनावरं दावणीला हायेत!" ती किंचाळली. मांडवातले आम्ही मूठभर तसेच रिकाम्या हातांनी पळालो. शेतांवर पांगलेल्या गावाला काही कळलंच नाही. गोठा गेला, दावणीची गाय वासरासकट गेली. परवा पुन्हा तो वास आला, म्हणून मुद्दाम शेडपाशी गेलो. 'या घंटेने गाव वाचवले' असा संगमरवरी फलक लावलाय. लोलक अजून कपाटातच आहे. आणि घंटेवर, मेल्यांनो, एक ओरखडा नाही.