मांजरीच्या गिटारला लागलेली हळद

"ताई, तारा चढवल्या. ऐकायला या." सुहासचा एवढाच फोन आला आणि दसऱ्याच्या सकाळी मी सांगलीहून पुण्याच्या एसटीत बसले. दीड वर्ष या फोनची वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात माझा कार्यक्रम होता. पुण्यातला पहिला, एकटीचा, माइकशिवाय. पुण्यात लग्नामुंजीच्या जेवणावळीलाही माइक लागतो. आयोजकांनी मला तीनदा विचारलं होतं, "नक्की नको ना?" नक्की नको. गिटार त्यासाठीच करून घेतली होती.

जाणाऱ्यांसाठी: सणाच्या दिवशी पहाटेची गाडी घ्या. नंतरच्या गाड्या कात्रजच्या अलीकडे तासभर उभ्या राहतात. कराडच्या पुढे गाडी थांबली तिथली मिसळ खाऊ नका, चहा चालेल. स्वारगेटला उतरून रिक्षा शोधली.

"मांजरी?" रिक्षावाला म्हणाला. "आणि येताना रिकामा मीच येऊ का?"

"मीटरच्या वर काय ते सांगा."

"सांगितलं तर बसणार नाही तुम्ही."

त्याचं खरं होतं. आधी हडपसरची बस घेतली, तिथून मांजरीची. दोन्ही मिळून रिक्षाच्या पाव भाड्यात काम झालं. बसला पुढे झेंडूचा हार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शोरूमबाहेर हार घातलेल्या नव्या मोटारसायकली उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती घरचे सगळे. हडपसरच्या पुढे इमारती संपत नाहीत, विरळ होतात. मग एका टॉवरच्या कुंपणाला लागून ऊस. त्या उसाच्या कडेला सुहासची शेड आहे.

सुहास हातानं गिटार बनवतो. मैफिलीची, नायलॉनच्या तारांची. माझी गिटार बाहेरून जुन्या पद्धतीची आहे: स्प्रूसच्या लाकडाची फळी, सरसानं जोडलेली मान, कापडाच्या बोळ्यानं चोळून चढवलेली लाख. आतून ती नवी आहे. तारांखालची फळी एकसंध नाही. दोन अतिशय पातळ पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारखी हलकी जाळी. फळी हलकी, म्हणून बोट लागताच सगळी हलते आणि आवाज लांब जातो. सुहासनं मला हे पहिल्या भेटीत सांगितलं होतं. बाकीचे महिने मी ते इतरांना सांगत होते.

शेडच्या दारात तो उभा होता. त्यानं नमस्कार केला नाही. "ताई, आधी पाणी घ्या," म्हणाला.

मी आत गेले. बाकावर रंधे, पटाश्या, करवती ओळीनं मांडल्या होत्या. जमिनीवर कोयते, खुरपी, पाण्याची मोटर. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आणि बाकाच्या मधोमध, पाटावर, माझी गिटार. तिच्या फळीवर हळदीची पाच बोटं उमटली होती. ओल्या हळदीची, वरून खाली ओढलेली. शेजारी कुंकवाचा ठिपका.

"हे कोणी केलं?"

"कोणी म्हंजे? मी." मागून सुहासचे वडील आले, आबा. पांढरी टोपी, हातात मोटारसायकलचा हार. "समद्या हत्यारांची पूजा केली. हिला एकलीला भिंतीवर टांगून ठेवायची व्हय?"

"हे तुमचं हत्यार नाही. माझं आहे."

"मग बरंच झालं की. तुमची बी पूजा झाली त्यात."

मी सुहासकडे वळले. "पुसलीस?"

"कोरड्या कापडानं. वरची गेली. बाकीची आत उतरलीय."

"मग घासून काढ."

"साध्या गिटारची फळी जाड असते, ताई. तिथे घासता आलं असतं. हिचा वरचा पापुद्रा अर्धा मिलिमीटर आहे. हळद जायच्या आधी पापुद्राच जाईल."

"आणि लाख?"

"पातळ हातच दिले होते. शेवटचे हात तुमचा कार्यक्रम झाल्यावर देणार होतो."

"तू कुठे होतास?"

"फुलं आणायला गेलो होतो." मग थांबून म्हणाला, "दरवर्षी आबा रंध्यांनाच लावतात. गिटारला हात लावू नका, हे सांगायचं डोक्यातच आलं नाही."

त्या शेडमध्ये हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र आहे. पावसाळ्यात दिवसभर हवा कोरडी करणारं दुसरं यंत्र आहे. खिडक्यांना रबराच्या पट्ट्या आहेत. ओल बाहेर ठेवायची एवढी सगळी व्यवस्था, आणि घरातला ओला हात सरळ आत. मी मोठ्यानं बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. आबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पूजा केली. बिघडवली न्हाई."

"वाजवून बघा तरी," सुहास म्हणाला.

माफी मागायचं सोडून हे. मी स्टुलावर बसले ती ऐकण्यासाठी नव्हे. काय बिघडलंय ते दाखवण्यासाठी बसले. खालची तार छेडली. आवाज शेडभर झाला आणि लगेच गेला नाही. वरच्या तारा स्वच्छ होत्या. अगदी हलकं वाजवलं, तरी दाराशी गेलेल्या आबांनी मान वळवली. कुठे भेग नाही, कुठे खरखर नाही.

आवाज वाईट असता तर मी ती तिथेच ठेवून निघाले असते. तेवढीही सोय राहिली नाही.

सुहासनं तोड सांगितली. फळी उतरवून नवी बसवायची. काही महिने लागतील. चेहरा कोरा मिळेल. "पण हाच आवाज मिळेल असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. निदान खोटं बोलला नाही.

मी गिटार घेतली. आबांनी दिलेली आपट्याची पानं घेतली नाहीत.

सदाशिव पेठेत रात्रीपुरती खोली घेतली. खोली स्वच्छ होती, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. शेजारच्या खानावळीत भाजी चांगली आणि वाढणारा वैतागलेला. आम्ही एकमेकांना समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. निवेदकानं गिटार पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. मी नको म्हणेपर्यंत तो माइकपाशी पोचला होता. परंपरा आणि आधुनिकता, माती आणि विज्ञान, मांजरी आणि माद्रिद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून एक सूर वाजवला नव्हता. मग तो माइक मी स्वतः उचलून विंगेत ठेवला.

वाजवलं. रागात वाजवलं, त्यामुळे पहिली रचना हवी त्यापेक्षा वेगात गेली. पुढे हात सावरला. शेवटच्या रचनेचा शेवट मी जाणूनबुजून अगदी हळू केला. हॉलमध्ये कोणी खोकलं नाही.

नंतर लोक मंचाजवळ आले. सगळे गिटारकडे बघत होते.

"अय्या, किती छान! डिझाइन कोणाचं?"

"अहो, दृष्ट लागू नये म्हणून का?"

"गिटारचं हळदीकुंकू झालेलं दिसतंय. ओटी भरली की नाही?"

मी प्रत्येकाला एकच विचारत होते: मागे ऐकू आलं का? एक गृहस्थ म्हणाले, "कल्पना नाही. आम्हाला पुढचे पास होते."

गर्दी पांगल्यावर शेवटच्या रांगेतून आबा आले. सुहास बरोबर नव्हता. त्यांनी इकडचं तिकडचं काही काढलं नाही.

"आलं ऐकू," म्हणाले. "ते शेवटाला बारीक केलंत, ते बी आलं."

त्यांनी गिटारकडे हात केला. मी ती मागे घेतली.

"राग गेला न्हाई व्हय?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "मला बस हाय मांजरीची." आणि गेले.

परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, डिकीत टाका. मी गिटारचं वेगळं तिकीट काढलं. सातारा येईपर्यंत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "या बाजाचं फुल तिकीट आहे बरं का."

आता घरी आहे. सुहासचा फोन आला होता. हळद उन्हानं उडते म्हणाला. कुंकू राहील, पण हळद फिकी पडेल. आणि ही फळी उन्हात ठेवली तर तडकेल, हेही त्यानंच सांगितलं. माझ्या खोलीत सकाळी खुर्चीपर्यंत ऊन येतं. मी खुर्ची भिंतीकडे सरकवली आहे.

फळी बदलायची नाही, असं त्याला कळवलं. दिवाळीनंतर मांजरीला जाऊन त्याच्याकडून लाखेचे शेवटचे हात देऊन घ्यायचे. मग ती बोटं लाखेखाली कायमची. वाजवायला बसलं की रोज दिसतात आणि रोज राग येतो. आवाज मात्र रोज थोडा मोकळा होतोय.

पुढच्या खंडेनवमीला गिटार माझ्या घरी असेल. पूजा मी करीन. लांबून.