जवाईबापूंनी बसवलेला मॉनिटर

सानगडीला सासरी दुसरा मॉनिटर बसवायला मला कोणीही बोलावलं नव्हतं.

माझा साळा प्रशांत तिथं घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. नाव बरोबर पडलं का, हे पाहायला गिऱ्हाइकं त्याच्या मानेवर श्वास सोडत उभी राहतात. त्यांच्यासाठी वेगळी स्क्रीन हवी, हे मी सणाच्या जेवणात जाहीर केलं. सासरी माझी इज्जत काय ती एवढीच : नागपूरचे कॉम्प्युटरवाले जवाई. (नागपुरात मी हापिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढतो.) प्रशांतच्या कॉम्प्युटरवर गावात कोणालाच न समजणारं लिनक्सही मीच टाकलेलं, त्यामुळे माझी चूक गावात कोणाला कळण्याचा धोका नव्हता.

एक जुना मॉनिटर आणला, टेबलाच्या डाव्या टोकाला गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवला, इंटरनेटवरची एक कमांड उतरवली आणि रोज आपोआप चालेल अशी कायमची लावून दिली. माउसचा बाण उजवीकडून बाहेर गेला आणि डावीकडच्या मॉनिटरवर उगवला.

"हे असं काहून होऊन राहिलं?" प्रशांतनं विचारलं.

"लिनक्समध्ये असंच असते. पृथ्वी गोल आहे ना?"

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याच्यावर डोळे वटारले. "जवाईबापूले उलटं विचारते का बे? गोल म्हणतेत तं गोल."

मग दिसलं, की नव्या स्क्रीनवरचा फॉर्म खाली डोकं वर पाय उभा आहे. कमांडमधला कुठला तरी शब्द भोवला होता. तोंड मात्र चालूच राहिलं. "गिऱ्हाईक समोरून पाहते ना? म्हणून त्याच्या बाजूनं केलं."

मामाजी टेबलाला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. मान वाकडी केली, आणखी वाकडी केली आणि म्हणाले, "झकास दिसते." माझी बायको तोंडावर ओढणी धरून आत पळाली.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो, तर मॉनिटर छताच्या लाकडी फाट्याला सुतळीनं उलटा टांगलेला आणि त्यावरचा फॉर्म सुलटा. बाकावरचा एक म्हातारा प्रशांतला विचारत होता, "हे वटवागुळावाणी काहून टांगलं गा?"

"आमच्या जवाईनं बसवलं हाये," प्रशांत हळूच म्हणाला.

"असं का? मंग राहू दे."

मी दाराआडून ऐकत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कबूल करावं तर इज्जत जाणार, गप्प राहावं तर मॉनिटर जन्मभर लटकणार. म्हणून दुपारी सगळे लवंडल्यावर चुपचाप बसलो आणि कमांड दुरुस्त केली. पहिल्याच फटक्यात जमलं! कॉम्प्युटर सुधारला, म्हणजे टांगलेल्या मॉनिटरवर आता सगळं पुन्हा उलटं. सुतळी सोडली की झालं. स्टूल आणायला मागं गेलो, तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला.

"बाबा, हे पुन्हा उलटं झालं. खाली उतरवून ठेवू का?"

"थांब," मामाजी दबक्या आवाजात म्हणाले. "सुतळी सोडू नको. जवाईबापू अजून दोन दिवस हायेत."

स्टूल तिथंच ठेवलं आणि संध्याकाळच्या बसनं निघतो म्हणून सांगितलं. एरवी मी निघालो की त्या घरात माझ्या चपला लपवतात. त्या दिवशी मामाजी माझी बॅग घेऊन माझ्या आधी स्टँडवर पोचले होते.